आतून कोरं

एप्रिलमधली दुपार, चोपडा.
बसस्टँडमागच्या बोळात
केळीचा एक ट्रक आणि मी.
ट्रकवाला ट्रकखालीच झोपलेला.

पिंजारीचाचांचं दुकान मात्र उघडं.
कूलर नुसता आवाज करणारा,
आतला वाळा कोरडाठक्क.
"कोनासाठी जोयजे, ताई?"
मी म्हटलं, बघते.

बघण्यासारखं बरंच आलंय नवीन.
मांजरीच्या कानांचे शार्पनर.
कलिंगडाच्या फोडीएवढी वही,
तिच्यात बियांच्या जागी ओळी.
कुलूपवाली डायरी अजून आहे,
जिची किल्ली शेजारच्या डायरीलाही लागते.
हा शोध वैजयंतानं लावला होता
आणि चाचांना सांगायचं नाही म्हणून
माझ्याकडून शपथ घेतली होती,
खोडरबरावर हात ठेवून.

कार्डांचा स्टँड फिरवला की कुरकुरतो.
आईला. बाबांना. नवऱ्याला. लाडक्या वहिनीला.
सॉरीची एक अख्खी रांग,
झाडून सगळ्या सॉरींवर अस्वल.
एक कार्ड उघडलं तर वाजायलाच लागलं,
उन्हानं सेल अर्धमेला,
पहाटे चारच्या वरातीतला बँडवाला जसा.
पटकन मिटलं.
तरी ते आतल्या आत थोडं कण्हलंच.

लाडक्या वहिनीला कार्ड मिळतं,
तीस रुपये, वर चमकी.
वहिनी राहिली नाही तिला?
गेल्या पोळ्याला कोर्टाचा कागद झाला.
आई तिला आता "ती" म्हणते,
भाऊ तेवढंही म्हणत नाही.
तिच्या माहेरचा मिक्सर
रोज सकाळी घरभर ओरडतो
आणि कोणालाच ऐकू येत नाही.

ती वाईट नव्हती.
भाऊही, खरं सांगायचं तर,
माझ्याशी वाईट वागला नाही कधी.
याच्या पुढे मला नीट सांगता येत नाही.

शनिवारी माझी शाळा सकाळची.
ती भरिताची वांगी आणायला म्हणून निघायची,
मी पोरांच्या वह्या बगलेत मारून.
इथे, याच काचेपाशी.
नियम एकच: दहा रुपयांच्या आत,
आणि कामाची वस्तू घ्यायची नाही.
ती डोळे मिटून एकेक खोडरबर हुंगायची.
"हे स्ट्रॉबेरी."
"हे खोटं स्ट्रॉबेरी."
चाचा हसून पंखा तिच्याकडे वळवायचे.
तोवर वांग्यांवाली उठून गेलेली असे.
घरी दोघी एका सुरात सांगायचो,
वांगी मिळाली नाहीत.
आई म्हणायची, एवढ्या मोठ्या बाजारात?

"ती दुसरी ताई दिखत नही आते?"
मी म्हटलं, शिरपूरला असते.
पोस्टात लागलीय.
हे मलाही कळलं ते
कोणाच्या तरी हळदीत, तिसऱ्याच बाईकडून.

शेवटी खालच्या खणातून
एक कार्ड निघालं,
वर छत्रीखाली एक हत्ती, अर्धा भिजलेला,
आतून पूर्ण कोरं.
"हे कोनी घेत नही," चाचा म्हणाले,
"लोकांना लिहायचा कंटाळा."
पंधराचं दहाला दिलं.
खोडरबर तीन हुंगले.
मला खरं-खोटं कळत नाही,
जे जास्त गोड वाटलं ते घेतलं.

तिथेच काचेवर कार्ड ठेवून
त्यांच्याच जेल पेननं, जांभळ्या,
खूप वेळ काहीच नाही.
मग एक ओळ:
वांगी मिळाली नाहीत.

पाकिटाला खोडरबराचं पोट आलं.
चाचा म्हणाले, कुरियरला दे,
पोस्टात शिक्का मारताना दाबलं जाईल.
मी म्हटलं, पोस्टानंच जाऊ दे.
पाकीट नाकाशी नेलं.
चिकटवलेलं असूनही
वास येत होता.